फिल्म की डिजिटल: दोन्ही काही महिने वापरल्यावर

पेंटॅक्स के१००० हा जुना फिल्म कॅमेरा आणि एक साधा मिररलेस डिजिटल असे दोन्ही आलटून पालटून वापरतेय, आणि पहिला कॅमेरा कुठला घेऊ असं कोणी विचारलं तर मी सरळ डिजिटल सांगते. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं लाइट आत येण्याचं भोक) बदललं की काय झालं ते तिथल्या तिथे दिसतं, फिल्मवर तेच कळायला ३६चा रोल संपून धुवून यावा लागतो आणि तोवर कुठल्या फ्रेमला काय सेटिंग होतं ते कोणाच्या लक्षात राहतं?

तरी के१००० सोडवत नाही. १९७६ ते १९९७ बनत होता, पूर्ण मेकॅनिकल, बॅटरी फक्त मीटरला (लाइट किती आहे ते मोजणारा), ती संपली तरी शटर चालतं. मीटरला बटणच नाही म्हणून काम झालं की लेन्सला झाकण लावायचं, नाहीतर बॅटरी उतरते. शटर १/१००० सेकंदापेक्षा वेगाने चालत नाही, त्यामुळे भर उन्हात ४०० आयएसओचा (लाइटला जास्त संवेदनशील) रोल असेल तर एफ/११, म्हणजे लहान भोकाच्या आसपासच राहावं लागतं, मागचं छान ब्लर विसरा.

खरा फरक एक्स्पोजरचा आहे. कलर निगेटिव्हला एखाद-दुसरा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त लाइट मिळाला तरी ती आरामात सांभाळून घेते, पण कमी पडला की सावल्या मळकट आणि ग्रेनने भरलेल्या. डिजिटलचं बरोब्बर उलटं, आभाळ एकदा पांढरं झालं की गेलंच, पण रॉ फाइलमधून (सेन्सरचा कच्चा डेटा) सावल्या मस्त वर काढता येतात. म्हणून मी फिल्मवर सावलीचं मीटरिंग करते आणि डिजिटलवर हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, सांभाळते. (स्लाइड फिल्मला, म्हणजे जिच्यावर थेट सरळ रंगांचं चित्र येतं तिला, हे लागू नाही हं, तिथे जरासुद्धा सूट नसते.)

आणि ते "फिल्मचे कलर" म्हणतात ना, त्यातले बरेचसे स्कॅनमध्ये ठरतात! एकच निगेटिव्ह लॅबकडून स्कॅन केली आणि घरी लाइट पॅनलवर ठेवून मॅक्रो लेन्सने डिजिटलवर काढली तर स्किन टोन चक्क वेगळे येतात, कारण निगेटिव्हवरची नारिंगी छटा (मास्क) काढून रंग उलटे करताना प्रत्येकाचा बॅलन्स वेगळा. तेव्हा रोल कुठला यावर तासन्‌तास वाद घालण्याआधी स्कॅन कोण करणार ते ठरवा, आणि निगेटिव्ह परत मागून घ्याच.

घरी धुवायचं असेल तर ब्लॅक अँड व्हाइटपासून सुरू करा, ते २० अंशाला होतं, कलरच्या सी-४१ प्रोसेसला ३७.८ अंश धरून ठेवावं लागतं. जुना कॅमेरा घेताना मागचं दार उघडून फोमचे सील चिकट झालेत का बघा, आणि १ सेकंदाचं शटर कानाने ऐका, मध्येच अडकत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.