लासलगाव: लिलावाआधीची मिसळ

निफाड तालुक्यातलं हे गाव वाढलं रेल्वे स्टेशन आणि १९४७ पासूनच्या बाजार समितीच्या जोरावर, त्यामुळे इथलं हॉटेल चालतं ते कांद्याच्या लिलावाच्या घड्याळावर. समितीजवळच्या या पत्र्याच्या हॉटेलात सकाळी लवकर जा. एकाच बाकड्यावर हमाल, आडते आणि ट्रॅक्टरवर रात्र काढलेले शेतकरी. बोलणं फक्त भावाचं. रस्सा काळा, झणझणीत, तर्री वेगळी मागावी लागते. मटकी मऊ, पण गाळ नाही. पापड मात्र सादळलेला होता. चिरलेला कांदा ताटलीभर, न मागता. भाव चढला तरी हात आखडत नाहीत म्हणे. लासलगावात आखडला तर लाजच की! चहा जरा जास्तच गोड. लिलाव बंद असतील त्या दिवशी फिरकू नका, रस्सा कालचा मिळेल.