पेट्रोल की बॅटरी? बाणांची जाडी पाहा

१८९८ मध्ये कॅप्टन सँकी यांनी वाफेच्या इंजिनातली ऊर्जा कुठे कुठे जाते, ते बाणांच्या आकृतीतून दाखवलं. बाण जितका जाड, तितकी ऊर्जा जास्त.

पेट्रोल गाडीची अशी आकृती काढा. डावीकडून शंभर भागांचा जाडजूड बाण आत येतो आणि चाकांपर्यंत त्यातले जेमतेम वीस-पंचवीस भाग पोहोचतात. बाकीचे बहुतेक रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जातात. इंजिन कितीही सुधारलं तरी हा बाण पुसता येत नाही; उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला काही उष्णता बाहेर टाकावीच लागते.

विजेच्या गाडीत बॅटरीतले ऐंशीच्या आसपास भाग चाकांना मिळतात. शिवाय ब्रेक लावताना एक बाण उलटा बॅटरीकडे वळतो. मला ही आकृतीतली सगळ्यात सुंदर रेघ वाटते.

मात्र आकृती सुरू कुठून केली, हे आधी बघायला हवं. कोळशाच्या वीजकेंद्रापासून काढली, तर साठेक भाग तिथेच गळतात आणि दोन गाड्यांमधलं अंतर फारच कमी होतं. तीच वीज वाऱ्याची असेल, तर उष्णतेचा तो जाड बाण उरतच नाही.