कोहिमाची बॅटलफील्ड टूर : कंपनीला दोन स्टार, मास्तरांना पाच

लांबलचक लिहितोय, आधीच सांगतो. पण बुकिंग करायच्या आधी मला असं कोणी लिहिलेलं सापडलं असतं तर निम्मे पैसे आणि एक अख्खा दिवस वाचला असता, म्हणून लिहितोय.

आमचे आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. वय ७१, गुडघे कुरकुरतात पण पायऱ्या दिसल्या की सगळ्यात आधी हेच चढणार. बेळगावला सेंटरमध्ये ट्रेनिंगला असताना कुठल्यातरी उस्तादांनी दुसऱ्या महायुद्धातल्या बर्मा फ्रंटच्या गोष्टी सांगितल्या होत्या, तेव्हापासून कोहिमा बघायचं त्यांच्या डोक्यात होतं. मी एका टूर कंपनीचं (नाव घेत नाही, भांडण मिटलंय) बॅटलफील्ड स्पेशल पॅकेज घेतलं. दिमापूर एअरपोर्टवरून पिकअप, कोहिमात दोन रात्री, गाडी, 'एक्सपर्ट गाइड', सगळं धरून. फोनवर इतकं गोड बोलले की मीही जास्त खोलात गेलो नाही.

पहिला फटका आयएलपीचा, म्हणजे इनर लाइन परमिटचा. नागालँडला जायला आपल्यालाही परमिट लागतं, ते आम्ही काढून देतो म्हणाले होते आणि निघायच्या दोन दिवस आधी मेसेज, की सर तुमचं तुम्हीच ऑनलाइन काढा. निघालं, प्रॉब्लेम आला नाही, पण त्या दोन रात्री माझी झोप गेली ती गेलीच. तुम्ही जाणार असाल तर कोणावरही न विसंबता हे स्वतःच करा.

दुसरा फटका म्हणजे एक्सपर्ट गाइड हाच ड्रायव्हर होता. पोरगा चांगला, गाडी मस्त चालवतो, दिमापूर ते कोहिमा साधारण सत्तर किलोमीटरचा घाट त्याने पोटातलं पाणी न हलवता पार केला. पण वॉर सिमेट्रीच्या गेटला गाडी लावून म्हणाला, "ये अंग्रेजों का कब्रिस्तान है सर, फोटो ले लो, चालीस मिनिट." चाळीस मिनिटं! त्याचीही चूक नाही, त्याच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं. त्याच कागदावर मार्केट आणि शॉपिंगला मात्र तीन तास.

सिमेट्रीबद्दल मात्र काही म्हणजे काही तक्रार नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं ती. ऐन शहरात, गॅरिसन हिलच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाते, गवत कापलेलं, प्रत्येक कबरीशी बुटका दगड, त्यावर ब्राँझची पाटी आणि मधेमधे फुलझाडं. १४२० कबरी आहेत. पाट्यांवर नाव, पलटण, तारीख, वय. वयं वाचत चाललो की आपोआप आवाज बंद होतो, १९, २०, २२. काहींवर नावच नाही. खालच्या बाजूला ब्रिटिशांच्या सेकंड डिव्हिजनचा उंच उभा दगड आहे, नागा लोक आपल्या माणसांच्या आठवणीत उभे करतात तसला, त्यावर ते प्रसिद्ध वाक्य, घरी गेलात की आमच्याबद्दल सांगा, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला. हे वाक्य शंभर ठिकाणी फॉरवर्डमध्ये वाचलेलं असतं पण तिथं उभं राहून वाचताना आबांनी टोपी काढली.

चाळिसाव्या मिनिटाला ड्रायव्हरचा हॉर्न. आबा म्हणाले, "त्याला सांग जा म्हणावं चहा पी, मी नावं वाचतोय." ते सगळ्यात वरती क्रिमेशन मेमोरियलपाशी उभे होते. हे बऱ्याच लोकांचं राहून जातं, खालूनच फोटो काढून परत फिरतात. हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं, त्यामुळे त्यांच्या कबरी नाहीत, त्या ९१७ जणांची नावं वर कोरलेली आहेत. म्हणजे 'अंग्रेजों का कब्रिस्तान' हे अर्धवटच. आबा एकेक नाव बोट ठेवून वाचत होते, रँकसकट, हजेरी घेतात तसे.

त्या दिवशी रात्री हॉटेलवाल्याला आमची तोंडं बघून काय झालं ते कळलं असावं. त्याने एका रिटायर्ड शाळामास्तरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी पॅकेजमधला किसामा या हेरिटेज व्हिलेजचा प्रोग्राम आम्ही अर्ध्यावर आणला (तिथलं दुसऱ्या महायुद्धाचं म्युझियम बघा, बरं आहे, तासाभरात होतं) आणि उरलेला दिवस मास्तरांबरोबर घालवला. इथून पुढचा रिव्ह्यू त्यांचा.

पहिली गोष्ट, त्यांनी आम्हाला थेट सिमेट्रीत नेलंच नाही. आधी एका वळणावर उभं करून रस्ता दाखवला. म्हणाले, सगळी लढाई या रस्त्याची. खाली दिमापूरला रेल्वे आणि रसदीचे मोठे डेपो, इकडे मणिपूरमधे इंफाळला अडकलेली ब्रिटिश-भारतीय फौज, आणि दोघांच्या मधली खिंड म्हणजे कोहिमा. कोहिमा घेतलं की इंफाळची रसद तुटली. म्हणून १९४४ च्या एप्रिलच्या सुरुवातीला जपान्यांची ३१ वी डिव्हिजन, म्हणजे दहा हजाराच्या वरती माणूस, जनरल सातोच्या हाताखाली बर्मातली चिंडविन नदी ओलांडून डोंगर तुडवत इथं आली, आणि समोर लढणारे होते जेमतेम दीड हजार. रॉयल वेस्ट केंट, आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स आणि मिळतील ते बाकीचे. हे ऐकून मग तीच टेकडी बघितली ना, तर कालची बाग दिसेचना.

मग टेनिस कोर्ट. डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांचा बंगला इथं होता आणि त्याचं टेनिस कोर्ट. बंगला लढाईत उडाला, कोर्टाच्या रेषा मात्र आता सिमेंटने आखून ठेवल्यात, कबरींच्या मधोमध. एका बाजूला ब्रिटिश-भारतीय जवान, दुसऱ्या बाजूला जपानी, आणि दिवसेंदिवस नेटवरून बॉल जावा तसे ग्रेनेड. मी ऐकत उभा होतो, आबांनी सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकली. एकतीस भरली. परत येऊन म्हणाले, "एवढ्यावरनं ग्रेनेड फेकायला काय नाय लागत. रात्रभर जागेवर बसून ऱ्हायला लागतं." मास्तरांना मी हिंदीत सांगितलं तर त्यांनी आबांचा हात धरला आणि मग ते दोघं जे सुरू झाले ते मला विसरूनच गेले. आबांचं फौजी हिंदी, मास्तरांचं नागामीज मिसळलेलं हिंदी, माझ्यापेक्षा त्यांचं एकमेकांना जास्त कळत होतं.

पाण्याची गोष्ट मास्तरांनी रंगवून सांगितली. वेढा पडल्यावर पाण्याची लाइनच जपान्यांच्या ताब्यात, मग रात्री अंधारात एका झऱ्यावरून मोजूनमापून पाणी, जखमी खंदकात पडलेले आणि त्यांना तिथंच परत गोळ्या लागतायत. १८ एप्रिलला कुमक पोचली आणि वेढा फुटला, पण लढाई तिथं संपली नाही. टेनिस कोर्ट सुटलं १३ मेला, ते पण एक रणगाडा कसाबसा वर चढवून अगदी जवळून गोळे मारले तेव्हा. जपान्यांनी रसद तीन आठवड्यांचीच आणलेली, पुढची येणार होती ती आलीच नाही, पाऊस सुरू झाला, शेवटी सातोने वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली. रस्ता पूर्ण मोकळा झाला २२ जूनला. आबांचा यावरचा शेरा : "पोट रिकामं असल्यावर हुकूम कोण ऐकतंय."

चेरीचं झाडही त्यांनीच दाखवलं. काल आम्ही त्याच्या सावलीत पाणी प्यायलो होतो आणि कळलंही नव्हतं! जपानी स्नायपर ज्या झाडावर बसायचा ते लढाईत गेलं, त्याच्याच बुंध्यातून हे नवीन वाढलंय, पाटी आहे तिथं. हारमन आणि रँडल या व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक) मिळालेल्या दोघांच्या कबरीही इथंच आहेत. आणि जे कुठल्याच पाटीवर सापडलं नाही ते म्हणजे नागा लोकांचं. ओझी वाहिली, जखमींना डोंगर उतरवून नेलं, जपानी कुठं आहेत त्याच्या खबरा आणल्या आणि शेवटी गावं जळाली ती त्यांचीच. मास्तरांचे आजी-आजोबा जंगलात लपून होते, परत आले तर घराच्या जागी खड्डा. हे त्यांनी इतकं सपाट आवाजात सांगितलं की मला काय बोलावं सुचेना.

आबांचा मुख्य प्रश्न शेवटी आलाच. "आमची पलटण कुठं होती?" मास्तरांना माहीत होतं! म्हणाले, तुमचे लोक संगशकला. तिकडे मणिपूरमधे उख्रूलच्या बाजूला, २० ते २६ मार्च १९४४, पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर फोर्थ मराठा. सहा-सात दिवस त्यांनी कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांना तिथं अडकवून ठेवलं, ते दिवस मिळाले नसते तर कोहिमात एवढीही तयारी झाली नसती. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "मग आपण चुकीच्या गावाला आलो की." संगशक आमच्या पॅकेजमधे नव्हतं, आणि २०२३ च्या मे मधे मणिपूरमधे जो वांशिक हिंसाचार सुरू झाला त्यामुळे तिकडे जाण्याचा हट्ट मीही धरला नाही.

बाकी बारीकसारीक. सिमेट्रीला तिकीट नाही. पायऱ्या भरपूर, म्हाताऱ्यांना घेऊन जाणार असाल तर सकाळी जा आणि वरून खाली बघत या. रविवार टाळा, कोहिमात रविवारी जवळजवळ सगळं बंद असतं. कबरींवर बसून रील बनवणारी एक फॅमिली आम्हाला दिसली, महाराष्ट्रातलीच होती, याहून जास्त लिहीत नाही. हॉटेल ठीक, गरम पाणी बादलीने येतं.

कंपनीला दोन स्टार, तेही गाडी आणि त्या पोरासाठी. त्यांना फोन करून सांगितलं की तुमच्याकडे गाइड नाहीये तर तसं लिहा, मास्तरांसारख्या माणसाला सोबत घ्या आणि शॉपिंगचे तीन तास त्याला द्या. "नोट करतो सर" म्हणाले. मास्तरांनी पैसे किती ते सांगितलंच नाही, आम्ही पाकीट दिलं ते न उघडता खिशात ठेवलं. त्यांचा नंबर इथं टाकत नाही, त्यांनी नको सांगितलंय. जिथं उतराल त्या हॉटेलवाल्याला विचारा, लढाई माहीत असलेला रिटायर्ड मास्तर कोण, आणि त्यांच्यासाठी अख्खा दिवस रिकामा ठेवा. आबांनी त्यांना बेळगावचं बोलावणं दिलंय, आणि उख्रूलचा नकाशा आमच्या फ्रिजवर चिकटवलाय.