'टीन टायटन्स गो!' की 'यंग जस्टिस': आधी कोणतं कॉमिक?

दोन्ही अमेरिकन प्रकाशक डीसीची, दोन्ही किशोरवयीन सुपरहिरोंच्या कार्टून मालिकांवरून आलेली. पण स्वभाव अगदी वेगळे.

'टीन टायटन्स गो!' (२००४–२००८, ५५ अंक) कुठूनही उघडा. जे. टॉरेसची गोष्ट बहुतेकदा एकाच अंकात आटोपते आणि टॉड नॉकची चित्रं हसवतात. ज्यावरून ते आलं ती 'टीन टायटन्स' मालिका २००६ मध्ये थांबली, कॉमिक मात्र चालूच राहिलं. मालिकेत जिला भूमिकाच मिळाली नाही, ती वंडर गर्लही इथे भेटते.

२०११ चं 'यंग जस्टिस' मालिकेच्या दोन भागांमधल्या मोकळ्या जागा भरतं. बहुतेक अंक ग्रेग वाइजमनने लिहिलेले, आणि मालिकाही त्याच्याच हाताखालची. त्यामुळे तारीखवेळेसकट सगळं जुळतं. मालिका न पाहता वाचलंत, तर डोकं भंजाळेल.

दहा वर्षांच्या भाचीला मी पहिलंच देईन. 'यंग जस्टिस'मधला सुपरबॉय एवढा का धुमसतो हे हवं असेल, तर दुसरं.