एन-४०० ऑनलाइन: अर्ज सोपा, दिवसांचा हिशेब मात्र तुमचा तुम्हीच करायचा

दिवाळीला नाशकात यायचं, द्राक्षांचा हंगाम संपला की मुलांकडे अमेरिकेत परतायचं, असं ग्रीन कार्डवर ये-जा करणाऱ्या आई-वडिलांच्या नजरेतून यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व-इमिग्रेशन खात्याच्या, एन-४०० या ऑनलाइन नागरिकत्व अर्जाबद्दल हे लिहितो आहे.

एन-४०० भरायला खरंच सोपा आहे. खातं उघडा, एकेक पान भरा, कागदपत्रं अपलोड करा, ७१० डॉलर भरा. कागदावर पाठवला तर ७६०. अर्धवट अर्ज सेव्ह राहतो, पण ३० दिवस हात लावला नाही तर पुसला जातो.

घोळ होतो तो दिवसांत. ग्रीन कार्डाला ५ वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, आणि ती तारीख काढून देणारा कॅल्क्युलेटर तिथे आहे. मधल्या काळात तुम्ही नाशकात किती राहिलात, हे मात्र तो विचारतच नाही. तारीख दिसली म्हणजे पात्र झालो, असं बरेच जण समजतात.

अटी दोन आहेत. ५ वर्षांत किमान ९१३ दिवस अमेरिकेत प्रत्यक्ष हजेरी हवी, आणि वास्तव्य सलग हवं. दरवर्षी ५ महिने नाशकात राहूनही हजेरी आरामात भरते. पण एकाच फेरीत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर वास्तव्य तुटलं असं धरतात, आणि ते तुटलं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वर्षभर बाहेर राहिलात तर ते तुटलंच. री-एंट्री परमिट, म्हणजे जास्त काळ बाहेर राहून परत येण्याची आगाऊ परवानगी, ग्रीन कार्ड वाचवायला उपयोगी. सलग वास्तव्य त्याने वाचत नाही.

मुलाच्या घरी राहणाऱ्यांच्या नावावर भाडेकरार नसतो. मग तिथलं बँक खातं, स्टेट आयडी आणि टॅक्स रिटर्न हेच पुरावे उरतात. नाशिकची पेन्शन, ठेवींचं व्याज दाखवून १०४०, म्हणजे तिथल्या रहिवाशांचं टॅक्स रिटर्न, भरा. अनिवासींचं १०४०-एनआर भरलात तर आपण तिथले रहिवासी नाही, असं स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं.

सिंहस्थाला येणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी कॅलेंडर घेऊन बसावं. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये. एकाच मुक्कामात दोन्ही साधायला गेलात तर दहा महिने होतात. दोन वेगळ्या फेऱ्या करा, मात्र ९१३ चा हिशेब सांभाळून.

अर्जात गेल्या ५ वर्षांतली २४ तासांपेक्षा मोठी प्रत्येक परदेशवारी तारखांसह लिहायची असते. आय-९४ च्या (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीच्या) साइटवर प्रवासाची यादी फुकट मिळते. सुरुवात तिथून करावी, पण तिच्यावर विसंबू नये. एखादं जाणं नोंदायचं राहून गेलेलं असतं. जुनी तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के ताडून पाहा. इथेही एक चूक नेहमीची: मुंबईचा शिक्का उतरल्याच्या दिवसाचा असतो, अमेरिका सोडल्याची तारीख त्याच्या एक-दोन दिवस आधीची. अर्जात ती लिहा. निघण्याचा आणि परत पोचण्याचा, दोन्ही दिवस अमेरिकेतल्या हजेरीत धरले जातात.

अर्ज गेला म्हणून मोकळे झालात असं नाही. सलग वास्तव्याची अट शपथविधीपर्यंत लागू राहते. बोटांचे ठसे आणि मुलाखतही तिकडेच, तेही त्यांनी दिलेल्या तारखेला. त्यामुळे अर्जानंतर नाशिकला यायचं असेल तर तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा.