दोघांसाठी शिडाची होडी: आयोनियन बेटे की सायक्लाडीज?

ग्रीसमध्ये शिडाची होडी भाड्याने घेऊन आठ-पंधरा दिवस बेटाबेटांतून निवांत हिंडायचे, एवढे एकदा ठरले की पुढचा प्रश्न उभा राहतो तो कोणत्या समुद्रात, हा. पश्चिमेला आयोनियन समुद्रातली लेफ्कादा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया, पाक्सोस ही ऑलिव्ह आणि सायप्रस वृक्षांनी भरलेली हिरवी बेटे आहेत, तर पूर्वेला एजियन समुद्रात किआ, किथ्नोस, सेरिफोस, सिफ्नोस, पारोस, नाक्सोस ही उघड्या डोंगरांची, पांढऱ्या घरांची सायक्लाडीज. आम्ही नवरा-बायको दोघेच, बरोबर तिसरा माणूस न घेता, या दोन्हीकडे होडी घेऊन गेलेलो आहोत. सायक्लाडीजला एकदा, जुलैच्या अखेरीस. आयोनियनला तीनदा, जून, ऑगस्ट आणि सप्टेंबर अशा वेगवेगळ्या महिन्यांत. या हिशेबावरूनच माझा कल कुठे आहे हे वाचकाच्या ध्यानात येईल, परंतु एका खेपेच्या अनुभवावर एका सबंध द्वीपसमूहाला नापास करणे बरे नव्हे, याची जाणीव ठेवूनच पुढचे लिहितो आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि शिडे हाताळायला सोलेंटच्या खाडीत शिकलो, जिथे निम्मे लक्ष भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाकडे द्यावे लागते. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, त्यामुळे पहिल्या खेपेला आम्हाला एखादा विषय पाठ्यक्रमातून वगळल्यासारखे हायसे वाटले होते. त्या मोकळ्या झालेल्या जागेत वारा येऊन बसतो, हे कळायला एक मोसम जावा लागला. होडीची लांबी, खोल्यांची संख्या, परवान्याचे कागद यांविषयी लिहिण्याची गरज नाही. ज्याने इथवर विचार केला आहे त्याला ते ठाऊक असतेच. एक गोष्ट मात्र सांगतो. ग्रीसमध्ये होडी ताब्यात घेताना कप्तानाखेरीज आणखी एका जाणत्या माणसाचे नाव कागदावर द्यावे लागते. दोघांच्या सहलीत तो दुसरा माणूस म्हणजे आपला जोडीदार, आणि सही करतेवेळी आपल्यावर नेमके काय येऊन पडणार आहे याची कल्पना त्याला, किंवा तिला, क्वचितच असते.

आधी सायक्लाडीजची बाजू मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. अथेन्सजवळच्या लाव्रिओ बंदरातून निघून किआ आणि मग किथ्नोसला पोहोचलो, आणि तिथल्या कोलोनाच्या वाळूच्या पट्ट्याशी नांगर टाकला, तेव्हा आपण इतकी वर्षे दुसरीकडे का गेलो असे आम्हाला प्रामाणिकपणे वाटले होते. मूळ बेट आणि आयोस लुकासचे छोटे बेट यांना जोडणारी वाळूची ती एक अरुंद वाट आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना समुद्र. पाणी असे की, सात-आठ मीटर खोल तळावर पडलेली आपल्या नांगराची साखळी कडीकडीने मोजावी. सिफ्नोसचे नाव त्याच्या मातीच्या भांड्यांसाठी आणि स्वयंपाकासाठी सगळ्या ग्रीसमध्ये घेतले जाते. तिथे शनिवारी संध्याकाळी काबुली चणे, कांदा, तमालपत्र आणि ऑलिव्हचे तेल घालून मडके लाकडाच्या भट्टीत ठेवतात आणि रविवारी प्रार्थनेनंतर ते घरी आणून उघडतात. रेविथादा म्हणतात त्याला. वर लिंबू पिळलेला तो सौम्य, मेणासारखा मऊ चणा खाताना पत्नीने फक्त हिरव्या मिरचीची आठवण काढली, बाकी तक्रार नाही. देलोससारखे ठिकाण तर आयोनियनमध्ये नाहीच. अपोलो या ग्रीक देवाचे जन्मस्थान मानले गेलेले ते ओसाड बेट १९९० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथे रात्री मुक्काम करता येत नाही, त्यामुळे संध्याकाळी तिथून निघताना भग्न खांबांमागे कुणीही पर्यटक उरत नाही. रूप, इतिहास आणि जेवण या तिन्ही बाबतींत सायक्लाडीजचे पारडे जड आहे, हे मी वाद न घालता मान्य करतो.

आणि तरीही आम्ही होडी घेऊन तिकडे पुन्हा गेलो नाही. त्याला कारण झाले ते झोपेचे.

एजियनमधला उन्हाळी वारा मेल्तेमी या नावाने ओळखला जातो. प्राचीन ग्रीक लोक या वाऱ्यांना ‘दरवर्षी येणारे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि अनातोलियावर, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागावर, कमी, या फरकातून तो उत्तरेकडून वाहतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक असतो. गंमत अशी की, अनातोलियावरचा तो कमी दाबाचा पट्टा म्हणजे आपल्याकडे पाऊस घेऊन येणाऱ्या आशियाई मान्सूनच्या विशाल कमी दाबाच्या क्षेत्राचेच पश्चिमेकडचे टोक आहे. मान्सूनच्या प्रभावाने पूर्व भूमध्य समुद्रावर हवा खाली उतरते आणि तिथले आकाश कोरडे, निरभ्र ठेवते, असे हवामानशास्त्र सांगते. म्हणजे रत्नागिरीत पागोळ्या गळत असतात तेव्हा त्याच यंत्रणेचे दुसरे टोक सेरिफोसला आमच्या डोलकाठीवर आदळत होते. हे समजल्यावर मला थोडा आपलेपणा वाटला. पत्नीला वाटला नाही.

सेरिफोसच्या लिवादी खाडीत आम्ही एका रात्रीसाठी थांबलो होतो, ते तीन रात्री अडकलो. खाडी दक्षिणेकडे उघडते, त्यामुळे उत्तरेच्या वाऱ्यापासून तिथे आडोसा मिळतो असे नकाशाकडे पाहून वाटते. लाटांपासून तो मिळतोही. परंतु या उघड्या डोंगरांवरून वारा घसरत खाली येतो तेव्हा उघड्या समुद्रावर असतो त्याहून अधिक चिडलेला असतो. मधेच क्षणभर पूर्ण थांबतो आणि मग एकदम असा लोटतो की नांगरावरची होडी एका बाजूला कलंडत अर्धवर्तुळात फिरते, साखळी ताणली जाऊन कर्र असा आवाज करते, आणि पुन्हा सगळे शांत होते. पुढचा झोत एका मिनिटाने येईल की वीस सेकंदांनी, हे कळत नाही. दिवसा हे चालून गेले असते. जोराचा मेल्तेमी मात्र सूर्यास्ताला मान देत नाही, तो रात्रभर चालू राहतो. डोलकाठीला लागून असलेला एक दोर टक्, टक्, टक् असा काठीवर आपटत होता. मी उठून तो बाजूला ताणून बांधला आणि खाली येऊन पडलो, तेव्हा लक्षात आले की आता शेजारच्या होडीचा ऐकू येतो आहे.

आम्ही दोघांनी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या. एकाने नांगर घसरल्यास वाजणारा फोनवरचा गजर आणि किनाऱ्यावरचे दोन दिवे यांच्याकडे पाहत बसायचे, दुसऱ्याने झोपण्याचा प्रयत्न करायचा. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मला उठवताना पत्नी अगदी शांतपणे म्हणाली, “अरे, आपण सुट्टीवर आलोय की रात्रपाळीला?” आमचा नांगर तीनही रात्रींत हातभरसुद्धा घसरला नाही, ही यातली खरी बोच आहे. कोणतीही दुर्घटना घडली नाही. होडी पक्की होती, तळ चांगला होता आणि आम्ही शिकवल्याप्रमाणे भरपूर साखळी सोडलेली होती. चार-सहा जणांच्या चमूने पाळ्या वाटून घेतल्या असत्या आणि सकाळी त्याचे किस्से केले असते. दोघांमध्ये मात्र एक जागा आणि एक अर्धवट झोपलेला, असे तीन दिवस गेले की चौथ्या दिवशी चहात साखर घातली नाही या कारणावरूनही बोलणे बंद होऊ शकते, आणि तसे ते झाले.

शिवाय होडी परत करण्याचा वार ठरलेला असतो. बहुतेक ठिकाणी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती जिथून घेतली त्या बंदरात आणावी लागते. लाव्रिओकडून सायक्लाडीजमध्ये जाताना वारा पाठीशी असतो आणि आपण स्वतःला मोठे दर्यावर्दी समजू लागतो. परतताना तोच वारा तोंडावर. लिवादीहून किथ्नोस गाठायला आमचा सारा दिवस गेला. भिजलेले कपडे तारेवर टाकताना दोघांच्याही डोक्यात एकच विचार होता, पण तो बोलून दाखवण्याची वेळ ती नव्हती.

आयोनियनमधला दुपारचा वारा माइस्त्रो नावाचा. तो वायव्येकडून येतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे शिकलो, त्यांच्याच जातीचा भाग त्यात मोठा आहे. सकाळी समुद्र परातीतल्या पाण्यासारखा असतो, बाराच्या पुढे पहिली सुरकुती उठते, तीन-चारच्या सुमारास तो चांगला ११ ते १६ नॉट (तासाला तेवढे सागरी मैल), कधी त्याहून थोडा अधिक भरतो, आणि दिवेलागणीला जसा आला तसा निघून जातो. इथाकाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या किओनी गावात ही वेळ पाहण्यासारखी असते. खाडीच्या टोकावर तीन पडक्या पवनचक्क्या आहेत. त्यांच्यावरचे ऊन उतरले की पाण्यावरची खळबळ मिटते, आणि पलीकडच्या उतारावर शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येऊ लागतात. तिथे आम्ही होडीवर मऊ भात केला, घरून नेलेले मेतकूट आणि तूप घातले, आणि नऊ-साडेनऊला झोपून गेलो. रात्री एकदा जाग आली ती सवयीने. बाहेर येऊन पाहिले तर होडीचे पुढचे टोक संध्याकाळी होते तिथेच होते आणि साखळी सरळ खाली लोंबत होती.

आयोनियनच्या उणिवा लपवण्याचे मला कारण नाही. निव्वळ शिडे चालवण्याच्या हौसेने जाणाऱ्याला सकाळचे तीन-चार तास इंजिन ऐकत जाण्याचा कंटाळा येईल. बेटे जवळजवळ आहेत, दिवसाचा प्रवास बहुधा दहा-बारा सागरी मैलांचा, त्यामुळे गर्दीही तशीच. ऑगस्टमध्ये फिस्कार्दोला दुपारी दोननंतर पोहोचलात तर धक्क्यावर जागा मिळणे अवघडच, मग खाडीच्या उत्तर अंगाला नांगर टाकून दोर झाडाला बांधायला एकाने पोहत जायचे. (१९५३ च्या भूकंपात केफालोनियातली बहुतेक गावे पडली, फिस्कार्दो त्यातून बरेचसे वाचले, त्याची जुनी घरे पाहायला सगळेच येतात, हा त्या गर्दीचा एक भाग.) ऑगस्टमध्ये जेवणाच्या टेबलावर गांधीलमाश्या येतात आणि खानावळीचा मालक वाटीत कॉफीची पूड पेटवून ठेवतो, तिच्या धुराने त्या थोड्या लांब राहतात, पूर्ण जात नाहीत. शिवाय हा समुद्र नेहमीच इतका सोशिक असतो असेही नाही. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘यानोस’ नावाच्या चक्रीवादळाने इथाका, केफालोनिया आणि झाकिंथोसला झोडपून काढले होते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात जाणाऱ्याने हवामानाचा अंदाज रोज पाहावा, एवढे सांगणे पुरे.

दोघांच्या दृष्टीने आणखी एक फरक आहे. ग्रीसमध्ये धक्क्याला होडी सहसा आडवी लावत नाहीत. पुढून नांगर सोडत होडी मागे घेत न्यायची आणि मागचे दोन दोर धक्क्यावर बांधायचे. एक जण सुकाणूवर, दुसरा नांगराशी, आणि दोर फेकायला तिसरा कुणी नाही. आडव्या वाऱ्यात होडीचे पुढचे टोक वाहून जाते आणि नवरा-बायकोतला संवाद सबंध बंदराला ऐकू जातो. हे दोन्ही समुद्रांत घडते. पण मेगानिसी किंवा लेफ्कादाच्या सिवोता खाडीत खानावळींचे स्वतःचे धक्के आहेत. रात्रीचे जेवण तिथेच घेणार असाल तर बांधायचे पैसे सहसा पडत नाहीत, आणि मालक स्वतः हात पुढे करून दोर पकडायला उभा असतो. त्याच्या दृष्टीने तो गिऱ्हाईक पकडत असेल. आमच्या दृष्टीने तो होडीवरचा तिसरा माणूस होता.

चार जाणती माणसे बरोबर असतील, किंवा जूनचा पहिला पंधरवडा साधता येत असेल, तर सायक्लाडीजला जाऊ नका असे मी म्हणणार नाही. जूनच्या आरंभी मेल्तेमी सहसा भरात आलेला नसतो, आणि दोन आठवडे हाती असले तर वाऱ्यामुळे दोन-तीन दिवस बसून राहणेही परवडते. पण दोघेच असाल, एकच आठवडा असेल आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये असेल, तर लेफ्कादाहून निघावे असे मला नम्रपणे वाटते. एक हिशेब असाही आहे की, सायक्लाडीजची मोठी बेटे अथेन्सच्या पिरेअस बंदरातून फेरीने सहज गाठता येतात. होडी नसल्याने तिथे फारसे काही हुकत नाही. आयोनियनमधल्या कास्तोस, कालामोस, आतोकोस या छोट्या बेटांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. आतोकोसवर तर माणूस राहतच नाही, तिथे पोहोचायला होडीच हवी.

सिफ्नोसला आम्ही पुन्हा गेलो, दोन वर्षांनी, पण फेरीने. आधीच्या खेपेला घेतलेले मडके घरी एका हिवाळ्यात तडकले होते, तसेच दुसरे घ्यायचे होते. आपोलोनिया गावात खोली घेतली. रात्री मेल्तेमी सुटला आणि कुणाच्या तरी अंगणातली बादली गडगडत गल्लीतून खाली गेली. पत्नीने उठून खिडकी लावून घेतली आणि कूस बदलून ती झोपली.