बांबूची काठी की रीळवाला रॉड?

"दाजी, मे महिन्यात पोरांना घेऊन पंचगंगेला गळ टाकायला जायचंय. काठी घेऊ की रॉड?" मेव्हण्यानं विचारलं.

काठीला खर्च जवळपास नाहीच. गांडूळ लावलं की 6 वर्षांचं पोरगंही काठाजवळची चिलापी ओढतं. पिसाचा तरंगा दोनदा थरथरतो, तिरका बुडतो. तेव्हा पोराचा चेहरा बघावा! काठी मोडलीच तर दुसरी तोडायची.

रॉड महाग. रिळात वाळू गेली की करकरतं, फेकायला हातही बसावा लागतो. पण मरळ हवी तर रॉडच. ती श्वास घ्यायला वर येते. लांबवर बुडबुडा दिसला की तिथवर काठी पोचत नाही.

घरचा गोतावळा असेल तर चार काठ्या घे. दोघं-तिघं दोस्त पहाटे मरळीसाठीच जाणार असाल, तर रॉड.